चौदा गाठीवाला

अवं गया, तू फक्त ऐक, मधात बोलू नको.

आमच्या आदिलाबादच्या कॉलेजात, लॅबमंदी, काचेच्या दोन बरण्या हायेत. एकेकीत एकेक सॅलॅमँडर, मेलेला, दवाईच्या पाण्यात ठेवलेला. दिसाले पाल, पण जातीनं बेडकाचा भाऊबंद. दूरच्या डोंगरातून संपत चालले म्हणते. एक दिवस मी बरणीले डोळा लावला... अन् काचेच्या पल्याडून दुसराच डोळा मले पाहून राह्यला. माह्याच वर्गातला, बोथ गावचा मोतीराम.

"सर म्हणते, दोघं एकाच जातीचे," तो म्हणे. "मले नाई वाटत."

मंग काय — रोज दुपारी आमी मोजत बसलो. एकाच्या कुशीवर गाठी पंधरा, दुसऱ्याच्या चौदा. एकाची शेपटी चपटी, दुसऱ्याची जाड. अवं, एवढुसा जीव, आपण कधी न पाह्यलेल्या डोंगरातला, अन् त्याचे बोटं बाळाच्या बोटावानी... माह्या अंगावर काटाच आला. मी मुद्दाम मोजणी चुकवो. तो हसे.

"परत मोजा बाई. आपल्याले कुठं जायाचं हाये?"

मार्चमंदी प्रॅक्टिकल आलं. कापाले बेडकं आलेच नाई. बाहेरून आलेल्या परीक्षकानं मोतीरामच्या ट्रेत तो चौदा गाठीवाला टाकला अन् म्हणे, दोन्ही सारखेच, हा काप.

मोतीरामनं कात्री उचलली... माह्याकडं पाह्यलं. माहे डोळेच भरले वं. त्यानं कात्री खाली ठेवली.

"सर, हा वेगळा हाये. असा एकच हाये. मी नाई कापत."

परीक्षक म्हणे, शून्य देईन. घरी बापानं बजावलेलं, नापास झाला तर कॉलेज बंद, कापसाच्या वावरात ये. तरी त्यानं तो दोन्ही हातानं उचलला, निजलेलं लेकरू उचलावं तसा, अन् बरणीत सोडला.

संध्याकाळी बस स्टँडवर, एसटीडी बूथजवळच्या पळसाखाली, मी आपल्या गावच्या, बेल्याच्या गाडीत बसली तं तो खिडकीशी आला. केसात पळसाची पाकळी.

"वर्ष गेलं माहं. बापाले मनवतो, पुढच्या मार्चले परत बसतो. तोवर... थांबशीन?"

अन् इकडं रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले.

गाडी हलली. मी दोन्ही हात खिडकीबाहेर काढले — आधी दहा बोटं दाखवले, मंग चार. चौदा, असा एकच. त्यानं मोजले. तिथंच उभा राहून हसत होता, धुळीत दिसेनासा होईपर्यंत.

आता बाबाले सांगाचं हाये, पाहुण्यांले येऊ नका म्हणा. खरं सांग गया... तू काय केलं असतं?