ड्रममधले एकोणीस दिवस

शैलजाचा नवरा मल्लिनाथ बिराजदार अंगणात हृदय बंद पडून गेला, त्याला बावीस दिवस झाले तेव्हा कुठे तिनं अंगणापलीकडच्या सुतारखोलीचं कुलूप काढलं. रंधे, करवती, पटाश्या एका तंत्रशाळेला द्यायच्या ठरल्या होत्या. राहता राहिला भुशाचा ड्रम.

करवतीच्या तोंडाशी बसवलेला जाड प्लास्टिकचा पाइप भिंतीवरच्या भुसाशोषक यंत्राकडे जायचा आणि भुसा खालच्या घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये पडायचा. ड्रम फार भरला की यंत्राची ओढ कमी होते, म्हणून मल्लिनाथ दर पंधरवड्याला तो रिकामा करायचा. सागवानाचा भुसा रोपवाटिकेला, प्लायवूडचा वेगळ्या पोत्यात. या खेपेला गुडघा सुजल्यामुळे त्याला पोतं उचलवेना. ड्रम तसाच राहिला आणि जवळजवळ काठाला आला.

शैलजानं झाकणाच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला. मग तिनं इरफानाला फोन केला.

डॉ. इरफाना पटवेकर तिची जुनी विद्यार्थिनी. पिठाच्या गिरण्यांमध्ये स्फोट का होतात ते शोधता शोधता तिला भलतंच काही सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपला थरवाचक घेऊन आली. दिसायला तो लांब दाभणासारखा होता, मागे एक छोटी पेटी.

"भौतिकशास्त्र शिकवून उभा जन्म गेला माझा," शैलजा म्हणाली, "तरी तुझा शोधनिबंध वाचून विश्वास बसला नाही."

"मुळातलं तत्त्व तुम्हीच शिकवलंत, मॅडम. भुशाचा कण प्लास्टिकवर घासला की त्याच्यावर विद्युतभार येतो. पाइपच्या तोंडाशी कुणी बोललं की आतली हवा थरथरते. कण भिंतीवर कधी जोरात आपटतात, कधी हळू. तसा भार कमीजास्त होतो. मग ते ओळीनं ड्रममध्ये पडतात, थरावर थर. सोलापूरची हवा कोरडी, झाकण घट्ट. भार महिना-दीड महिना टिकतो. हा थरवाचक तो भार थराथरानं वाचतो आणि त्याचा परत आवाज करतो."

"पण यंत्राचा एवढा आवाज?"

"तो सतत एकसारखा असतो. सारखा असतो म्हणून वजा करता येतो. उरतं ते बोलणं." इरफाना म्हणाली. "एक मात्र आहे. यंत्र चालू असेल तेवढ्याच वेळाचं मिळेल. यंत्र बंद, तर भुसा नाही. भुसा नाही, तर नोंद नाही."

शैलजा ड्रमकडे पाहत राहिली. "म्हणजे जे मला कधीच ऐकू आलं नसतं, तेवढंच यात आहे."

गेली सहा वर्षं मल्लिनाथ फारसा बोललाच नव्हता. त्यांची मुलगी मुक्ता पुण्यात भाड्याच्या खोलीत एकटी असताना दम्याचा झटका येऊन गेली. तिनं आईला फोन केला होता. शैलजा तोंडी परीक्षा घेत होती. तिनं तो कापला आणि नंतर करू म्हणून विसरली. त्यानंतर मल्लिनाथनं तिला एका शब्दानंही बोल लावला नाही. तो नुसता सुतारखोलीत जायचा आणि यंत्र सुरू करायचा. त्या आवाजाचा अर्थ तिनं आपल्यापुरता लावून टाकला होता: याला माझं तोंड पाहवत नाही.

इरफानानं दाभण तळापर्यंत खुपसलं आणि इंच इंच वर घेऊ लागली.

आधी खोकला आला. कसली तरी मापं पुटपुटल्यासारखी. मग एकदम स्पष्ट, मल्लिनाथचा आवाज, "शैला, मला तुला एक सांगायचंय." आणि पुढे काही नाही.

शैलजानं करवतीच्या टेबलाची कड धरली.

दुसऱ्या दिवसाच्या थरात तेच वाक्य. तिसऱ्या, चौथ्याही. कधी "शैला, ऐक ना", कधी "शैला, रागावू नकोस". पोरानं भाषण पाठ करावं तसा तो रोज यंत्राच्या आवाजाआड सराव करत होता. बाराव्या थरात वाक्य पहिल्यांदा पुरं झालं.

"शैला, मुक्तानं मलाही फोन केला होता. तुझ्यानंतर. तीनदा. खिशात थरथरत होता, मला कळत होतं. म्हटलं, एवढी फळी कापून होऊ दे. मी यंत्र बंद केलं नाही गं. तू एकटीच स्वतःला दोष देत बसलीस आणि मी देऊ दिला."

इरफानानं पेटीचं बटण दाबून आवाज थांबवला. "मॅडम, पुरे करूया?"

"नाही. वर घे."

वरच्या थरांत तेच बोलणं पुन्हा पुन्हा होतं, दर वेळी थोडं कमी अडखळत. एकोणिसाव्या दिवशी मल्लिनाथ मोठा श्वास घेऊन म्हणाला, "बास झालं. आता बंद करतो आणि जाऊन सांगतो."

दाभण भुशाबाहेर आलं. पेटीतून नुसती खरखर.

"संपलं," इरफाना म्हणाली. "त्यांनी यंत्र बंद केलं असणार. पुढचं इथं मिळायचं नाही." मग तिनं हळूच विचारलं, "पण आले होते ना ते? बोलले तुमच्याशी?"

शैलजाचा आवाज अगदी सपाट होता.

"आला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, डोक्यापासून पायापर्यंत भुसा. म्हणाला, 'शैला, जरा बसतेस का?' मी भाकरी थापत होते. धड वळलेही नाही. म्हटलं, 'आधी अंगणात जाऊन कपडे झाडून ये. घरभर भुसा करू नकोस.'"

"मग?"

"'बरं' म्हणाला आणि गेला. झटकल्याचा आवाज येत होता. मग थांबला. मला वाटलं, झाले झाडून."