चावी समोर तांबेकाकूंकडे

भरदुपारी एक अनोळखी माणूस तांबेकाकूंच्या दारात आला. "शर्वाणीचं यंत्र दुरुस्त करायचंय, समोरची चावी द्या," म्हणाला. काकूंनी दिली. मी शाळेतून आले, तर खाडीच्या पाण्यातलं विष मोजणाऱ्या माझ्या यंत्राचे खोलीभर तुकडे पडले होते.

चावी काकूंकडे असते, हे त्याला कळलं कसं?

"तूच सांगितलंस," ठकू म्हणाला. ठकू आमच्या घरचा यंत्रमानव. त्याला खोटं बोलता येत नाही आणि वेळ बघून गप्प बसणंही जमत नाही.

माझी एक वेबसाइट आहे. वरच्या कारखान्याने पाणी सोडलं की खाडीत विष किती वाढतं, ते मी तिच्यावर टाकते. वेबसाइटसाठी डोमेन (इंटरनेटवरचं स्वतःचं नाव) घ्यावं लागतं आणि मालकाचा पत्ता द्यावा लागतो. कुरिअरवाल्याला सांगतो तसाच मी तो भरला होता: मारुतीच्या देवळामागे, निळं फाटक, दुपारी कोणी नसतं, चावी समोर तांबेकाकूंकडे. 'नोंद सर्वांना दिसू द्यायची का?' या प्रश्नाला मी न वाचताच हो म्हटलं होतं.

माझं डोकं फिरलं. "सगळं झाकून टाक! कुणालाही माझ्यापर्यंत पोचता यायला नको!"

"झाकतो. आधी हे बघ."

पडद्यावर दुसरी वेबसाइट होती. फोटो माझे, आलेख माझे, फक्त आकडे बदललेले. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: खाडीचे मासे बिनधास्त खा.

"कुणाची आहे ही? पत्ता दे, आत्ता जाते त्याच्या घरी!"

"मालकाने नोंद झाकली आहे."

"लोक आजारी पडतील! असलं झाकायची सोय हवीच कुणाला?"

"तुला. आत्ताच मागितलीस."

मी उशी फेकून मारली. त्याने ती झेलली, म्हणून आणखीच चिडले.

"झाकलेली म्हणजे पुसलेली नव्हे," ठकू म्हणाला. "खरी नोंद नोंदणीदाराकडे (डोमेन देणाऱ्या संस्थेकडे) कुलपात असते. बाहेर एक निरोप-खिडकी ठेवता येते. तिथे टाकलेला निरोप मालकाला पोचतो, पण मालक राहतो कुठे, हे निरोप टाकणाऱ्याला कळत नाही. कुलूप उघडायचं तर कोण मागतंय, कशासाठी, हे पुराव्यानिशी सांगावं लागतं."

"सांगते की! मला राग आलाय!"

"यंत्र फोडणाऱ्या माणसालाही तुझा राग आलाच होता."



राग मात्र गेला नाही. तो घेऊनच मी बाबांबरोबर सायबर पोलिसांकडे गेले. खरे आणि खोटे आकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी नोंदणीदाराकडे रीतसर मागणी केली, कुलूप उघडलं आणि खोटी वेबसाइट बंद झाली. त्या मालकाची चौकशी सुरू आहे. त्याचा पत्ता मला कुणी सांगितला नाही. मीही मागितला नाही.

माझा पत्ता आता कुलपात आहे. निरोप-खिडकी ठकूने हट्टाने उघडी ठेवायला लावली. परवा तिथे पहिला निरोप आला.

"आम्ही खाडीच्या मुखाशी राहतो. इथेही मासे मरतायत. नाव सांगायची भीती वाटते. तुझ्यासारखं यंत्र आम्हाला मिळेल का?"

मी तुकड्यांची पेटी ओढली आणि कामाला लागले. या वेळी दोन यंत्रं करायची होती.

"एक त्यांना पाठवायचं ना?" ठकू म्हणाला. "मग पत्ता विचारू?"

"खबरदार!" मी ओरडले. "कुठे आणून ठेवू, एवढंच विचार."