सरावलेला हात

शस्त्र हाती घेणाऱ्याने मनगटावर व्यथापट्टी बांधलीच पाहिजे, असा कायदा झाला आणि देशभरातल्या लाठ्या एकाएकी थंडावल्या. पट्टीचे तत्त्व साधे होते. मार खाणाऱ्याच्या मनगटावरची पट्टी त्याच्या मज्जातंतूंतून मेंदूकडे निघालेला वेदनेचा संदेश टिपत असे. मारणाऱ्याच्या मनगटावरची पट्टी तोच संदेश, त्याच क्षणी, तितक्याच तीव्रतेने त्याच्या मेंदूत पोचवत असे. समोरच्याची नडगी फुटली, की कळ आपल्या नडगीतून जाई. पहिला फटका मारणारे पुष्कळ निघाले. दुसरा मारणारा कोणी सापडला नाही.

म्हणूनच सावरखेडच्या दारूगोळा कारखान्याच्या फाटकासमोर गावात मुलांचा शांतिवर्ग चालवणाऱ्या हेमलता वाकोडे आणि गावातली माणसे मनगटांवर पट्ट्या बांधून निर्धास्तपणे मांडी घालून बसली होती. आत तोफगोळ्यांनी भरलेले ट्रक घरघरत उभे होते. तहाची बोलणी आज दुपारी व्हायची होती. तोवर ट्रक अडले, तर नदीपलीकडचे शहर वाचण्याची आशा होती.

पट्टीचे जनक डॉ. सोहनी धापा टाकीत आले. "बाई, माणसं उठवा. आत्ताच्या आत्ता."

"बसा नं, डाक्टर," कोंडाबाई बोदडे म्हणाल्या. "तुमच्या पट्टीनं त्यायचे हात लुळे झाले, अन् आता तुमीच भेता?"

लोक हसले. सोहनी हसले नाहीत. ते हेमलताबाईंजवळ खाली बसले.

"तुमच्या शांतिवर्गात मुलांना काय शिकवता तुम्ही?"

हे सोहनींना ठाऊक होते. वर्गाला पट्ट्या त्यांनीच दिल्या होत्या. एकाने बर्फाच्या बादलीत हात बुडवायचा, दुसऱ्याने पट्टी बांधून त्याची कळ सोसायची. दुसऱ्याच्या दुःखापासून पळायचे नाही, हा सावरखेडच्या वर्गाचा नियम होता. जो पट्टी ओरबाडून काढी, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे लागे. ज्याचा हात थरथरत नसे, त्याच्यासाठी बाई टाळ्या वाजवायला लावत. प्राजक्ता तायडे पहिल्या दिवशी ओक्साबोक्शी रडली होती. शेवटच्या वर्षी तिच्याइतक्या टाळ्या कोणालाच मिळाल्या नाहीत.

"सोसायला शिकवते," बाई म्हणाल्या. "श्वास हळू सोडायचा, अंग सैल ठेवायचं. त्यात चुकलं काय?"

"भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तुम्हाला दिवसभर ऐकू येते?"

"नाही. सवय होते."

"कान बिघडत नाहीत, बाई. रोज येणाऱ्या निरोपाला मेंदू उठून दार उघडत नाही, एवढंच. याला आम्ही 'सवयशमन' म्हणतो. दुसऱ्याची वेदना पहिल्यांदा जाणवली, की हात आपोआप थांबतो. तो थांबणं हाच पट्टीचा सगळा प्राण. तुम्ही वर्षानुवर्षं मुलांना न थांबण्याचा सराव दिलात."

"पण त्यांना दुसऱ्याचं दुःख कळतं!"

"पुरतं कळतं. कुठे किती दुखतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही." सोहनींचा आवाज खाली गेला. "पट्टी बांधूनही हात न थांबणारी माणसं लष्कर देशभर शोधत होतं. मला आज सकाळी कळलं. या फाटकाआडचं नवं पथक अख्खंच्या अख्खं तुमच्या वर्गातलं आहे."

बाईंनी मागे पाहिले. सगळी रांग त्यांच्या भरवशावर बसली होती.

"माझी मुलं आहेत ती," त्या म्हणाल्या. "मला पाहून थांबतील."

फाटक उघडले. पथक शिस्तीत बाहेर आले. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी होती आणि ती चालू असल्याचा हिरवा दिवा लागलेला होता. कायद्याचे पालन तंतोतंत झाले होते. प्राजक्ता सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली. वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला.

"बाई, बाजूला व्हा ना."

"नाही होणार, पोरी. मला मारलंस तर तुलाच लागेल."

"हो. माहीत आहे."

पहिला फटका बाईंच्या खांद्यावर बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी त्यांनी मान वर करून प्राजक्ताकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरून कळ सरकत गेली, अगदी स्पष्ट. तिचे डोळे क्षणभर मिटले. आता ती लाठी टाकेल, असे बाईंना वाटले.

प्राजक्ताने हळू श्वास सोडला. खांदे सैल केले.

रांगेत कोंडाबाईंची किंकाळी उठली, मग आणखी कोणाची, मग मोजता येईनात. ट्रकचा पहिला गियर पडला.

"बाई, अंग आवळू नका," प्राजक्ता मायेने म्हणाली. "आवळलं की जास्त दुखतं. आपल्या दोघींनाही."

तिने लाठी पुन्हा उचलली. हात जरासुद्धा थरथरत नव्हता.