चावीवरची राख

नवस मी पुष्कळ बोलले. जांबच्या समर्थांना बोलले, तुळजापूरच्या आईला बोलले. पण एक नवस देवाला नव्हता. कुणाला होता, ते आज सांगते. सरका जरा दिव्याजवळ.

२००२ सालची पौष अमावास्या. माझ्या वडिलांना, दादांना, जुन्या दम्यापायी जालन्याच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी कुंभार पिंपळगावहून डबा घेऊन गेल्ते. रात्री उशाशी मी अन् धाकटा भाऊ कचरू. दादांच्या नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं, त्यावर फिरवायची चावी, हवा मोजायची काचेची नळी अन् पाण्याची बाटली. नर्स उषाबाई बजावून गेल्या, "काचेतली गोळी एकच्या रेघेवरच राहू द्या. चावीला हात लावू नका."

दादांना धाप लागली, तसा कचरू उठला.

"आक्का, एवढं नळकांडं भरलेलं, अन् बापाला चिमटीनं देऊन राह्यले?"

"राहू दे रे."

त्यानं चावी फिरवलीच. गोळी वर चढली. बाटलीतलं पाणी खदखदलं. दादा शांत झाले.

"बघ, लागली का न्हाई झोप?" म्हणत तोही खाली आडवा झाला.

माझा डोळा लागतो न लागतो, तोच बुडबुडे मंदावले. बघते तर... चावी आपोआप फिरत होती. गोळी खाली.

कोण चोरतंय दादांचा श्वास? मी चावी पुन्हा उघडली.

पुन्हा फिरली.

चुलीच्या धुराचा वास आला. वॉर्डात चूल कुठली?

कुणीतरी खोकलं. बाईमाणूस. माझ्या मानेमागं.

मी हात जोडले.

"बाई... जी कोण असशील... माझ्या बापाला सोड. दर अमावास्येला पहिली भाकरी तुझी."

खोकला थांबला.

गोळी... एकच्या रेघेवर.

पहाटे दादांनी चहा मागितला. कचरूनं रात्रीचं कबूल केलं, तशी उषाबाईंनी आधी काचेतली गोळी पाहिली.

"अरे, अशा छातीला ऑक्सिजन जास्त झाला तर गुंगी येते. त्या गुंगीतून माणूस उठत न्हाई. ह्याच खाटेवर एक आजी गेली. चूल फुंकून फुंकून छाती गेल्ती तिची. लेकानं मायेपोटी चावी खोलली..."

"मंग रात्री तुम्हीच कमी केली ना?" मी विचारलं.

"मी? मी तर आलेच न्हाई इकडं."

आम्ही तिघांनी चावीकडं पाहिलं. तिच्यावर राखेची तीन बोटं उमटली होती.

मी अजून भाकरी काढते. उद्या अमावास्या आहे, लेकरांनो. तुम्हीही एक काढा तिच्या नावानं. फक्त चुलीवर भाजू नका. धूर सोसत न्हाई तिला.