रिकाम्या वाघिणीचं वजन

ठोकेकाका रिटायर झाले, पण हातातली हातोडी काही सुटली नाही. उभा जन्म गाडीच्या चाकांवर ठोके मारण्यात गेला. आवाजावरून सांगायचे, चाक शाबूत आहे की तडकलंय. आता घरी बसून काकूंच्या पातेल्यांवर ठोके सुरू झाले. काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरी उद्योग शोधा, नाहीतर मीच तडकेन."

म्हणून काकांनी वाघीण करायला घेतली. यार्डाच्या टोकाला गवतात मालगाडीची एक जुनी वाघीण उभी होती, भंगारात जायची वाट बघत. तिचीच हुबेहूब प्रतिकृती, पावाएवढी. फळीला फळी, खिळ्याला खिळा, छपराखालची हवेची जाळीसुद्धा.

काकूंचा धाकटा भाऊ भंगार कापणाऱ्या टोळीतच कामाला होता. तोंडाची टकळी अखंड चालू. रोज दुपारी चहाला यायचा, पहिला घोट घेऊन विचारायचा, "ताई, साखर महागली का गं?" मग मोर्चा भाऊजींकडे.

"भाऊजी, तुमची वाघीण फुंकरीनं उडते की."

ते मात्र खरं होतं. इवलीशी वाघीण हलकी, टेबलावर मांडलेल्या छोट्या रुळांवरून वळणावर घसरायची. अशा वेळी छप्पर लावण्याआधी आत शिसं घालायचं, ही या कामातली रीत. काकांनी शिसं वितळवलं आणि गंमत म्हणून त्याचा माणूस ओतला. डोक्यावर टोपी, मांडी घातलेली, तोंड उघडं. थेट मेहुणाच. साच्यातून काढताना जरा घाई झाली, तेवढा डावा कान ओघळला.

"बस आता आत बडबडत," म्हणत काकांनी त्याला चिकटवला आणि छप्पर कायमचं डकवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रंग जुळवून बघायला यार्डात गेले. सवयीनं वाकून चाकांकडे पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले. स्प्रिंगचे पाटे सपाट बसले होते, भरल्या वाघिणीचे बसतात तसे. त्यांनी चाकावर हातोडी मारली. रिकामी वाघीण ठणकन बोलते. ही नुसती ठप् म्हणाली.

"आत माल कुणी भरला?"

"माल कसला, काका? उंदीरही राहत नाही तिथे," भंगार टोळीचा मुकादम म्हणाला. "तुमचा मेहुणा सकाळी झाडायला आत शिरला, तो तिकडूनच पसार. डबासुद्धा टाकून गेलाय बघा."

पायरीवर मेहुण्याचा जेवणाचा डबा होता. न उघडलेला.

दोघांनी जोर लावून दार सरकवलं.

आत मांडी घालून एक शिशाचा माणूस बसला होता. माणसाच्याच मापाचा. डोक्यावर टोपी, तोंड उघडं.

डावा कान ओघळलेला.

काका मागे वळले आणि चालू लागले, मग पळू लागले. पाठीमागून मुकादम ओरडून सांगत होता, "अहो, हे धूड दारातून निघायचं नाही. वाघीणच कापतो आत्ता. गॅसच्या ज्योतीनं, छपरापासून."

घरी टेबलावर वाघीण होती. काकांनी उचलली. पिसासारखी हलकी. कानाशी धरली, तर आत काहीतरी चाललं होतं, फार बारीक, मुंगीनं भांडण काढावं तसं.

मागे काकू चहा घेऊन उभ्या होत्या. "आज आला नाही हो तो अजून."

काकांनी नुसती जाळी दाखवली. काकूंनी कान लावला. मग चमच्यानं चहाचा एक थेंब जाळीला लावला.

थेंब आत ओढला गेला.

आवाज थांबला. मग अगदी स्पष्ट आला. "ताई, साखर."

काका पातं काढायला खणाकडे धावले.

"अहो," काकू म्हणाल्या, "रंग का जळतोय?"

छपराच्या कडेला रंगाचा एक फुगा आला होता. तो फुटला, आणि तिथून एक काळी रेघ, सरळ, सावकाश, पुढे सरकू लागली.