खणातला अर्ज

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातला चहा थेट त्याच्या शर्टावर! चूक तिची. पण घाईघाईने म्हणाला तोच, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आणि त्याने जीभ चावली. "सवय हो... दिवसातून ऐंशी वेळा म्हणतो."

"भिजलात तुम्ही. तक्रार तुम्ही करायची," ती हसली.

"करतो ना. कोणाकडे करू?"

"माझ्याकडेच. तक्रार विभागाची नवी प्रमुख मीच."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकायचं ते ऑफिस. खेकसणारी गिऱ्हाइकं त्याच्या दोन वाक्यांत निवायची, म्हणून सगळे त्याला 'बर्फ' म्हणत. मधूनच कोणाचाही फोन ऐकणं हा तिच्या कामाचाच भाग. ती मात्र त्याचेच ऐकायची. कामाच्या नावाखाली, अगदी खुशाल!

"आज माझे अकरा फोन ऐकलेत, मॅडम."

"तुम्हाला... कसं कळलं?"

"तुम्ही ऐकायला लागलात की कानात बारीक खट्ट होतं. मग मी जरा जास्तच गोड बोलतो."

ती कानापर्यंत लाल झाली. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि दोघांचा चहा एकाच खिडकीत होऊ लागला.

आणि याच लाडात तिने घात केला. तापलेलं गिऱ्हाईक आलं की दे बर्फाकडे! "तुझ्याशिवाय कोणाला जमणार?" असं ती म्हणायची, आणि ते खरंच मनापासून म्हणायची. हळूहळू त्याचा आवाज कोरडा पडला. फोन संपला तरी तो नुसता श्वास घेत बसायचा. हे सगळ्यांत आधी तिलाच ऐकू आलं. दुसऱ्या कोणाला येणार होतं?

त्याने महिन्याच्या रजेचा अर्ज दिला. "झोप उडालीय गं. डोकं रिकामं झालंय."

"महिनाभर? मग मी काय करू?"

"ये की भेटायला..."

सही फक्त तिचीच लागत होती. महिनाभर तो आवाज नाही, ही कल्पनाच तिला सोसवेना. अर्ज खणात गेला. "वरून मंजुरी यायचीय," ती दर सोमवारी सांगायची. प्रेमाच्या नावाखाली माणूस किती निर्लज्ज होतो!

सातव्या आठवड्यात त्याने चालू फोन तसाच टेबलावर ठेवला आणि येऊन राजीनामा तिच्यापुढे धरला. पेन काढायला तिने खण उघडला... वरच त्याचा अर्ज. तसाच, बिनसहीचा.

"वरून यायची होती ना?" तो हळूच म्हणाला.

"मला करमलं नसतं रे! मला... तू आवडतोस."

"माहितेय. मलाही तू आवडायचीस. म्हणून तर इतके दिवस रेटलं." तो थकून हसला. "महिन्याने परत आलो असतो. तुझ्यासाठीच आलो असतो."

"आत्ता करते सही! थांब ना..."

"आता यावर कर."

तिने केली. तो जिना उतरून गेला. त्याच्या टेबलावरून अजून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. ती त्याच्या खुर्चीत बसली, हेडफोन कानाला लावला. कानात खट्ट झालं नाही.

"अहो, मघाचा तो मुलगा कुठाय? तोच हवाय मला."

"तो," ती म्हणाली, "रजेवर गेलाय."