अळणी जागा

वाळू चांगली की वाईट हे डोळ्यांना कळत नाही. चिमूटभर जिभेवर ठेवायची, टाळूला घासायची, थुंकायची. दादा म्हणायचा, "गवंड्याला जीभ दिलीय ती वाळू चाखायला. बाकी वेळ ती आत ठेवायची."

नदीची वाळू घेऊन येणारा ट्रक पुलाच्या अलीकडे बंद पडला होता. ड्रायव्हर म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाला, उद्या.

माझी पुतणी जन्मली तेव्हा पावणेदोन किलोची होती. दादा दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता.

दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. एकाच भिंतीवर काम करताना मला पायाखाली दोन विटा लागत. त्याला लागत नसत.

"भिंतीला लोकर आलीय," बाई फोनवर म्हणाल्या. "या आणि कातरून न्या."

हे सगळं एकाच भिंतीचं आहे.

घर समुद्रापासून शंभर पावलांवर. दगडी, जुनं, चुन्यात बांधलेलं. बाई शाळेतून निवृत्त होऊन तिथे एकट्या राहतात. पश्चिमेची खोली त्यांनी कधीच सोडून दिली होती. दार उघडलं की आधी वास यायचा, ओल्या पोत्यासारखा. मग भिंत दिसायची. खाली चांगली, खांद्यापासून वर पांढरी. बोटभर लांबीचं बारीक मीठ केसांसारखं उभं राहिलेलं, आणि त्याच्या मागे गिलावा फुगून सुटलेला.

"तुझ्या बाबांच्या हातची आहे," बाई माझ्या पुतणीला म्हणाल्या. "कपाट सरकवलं, पलंग सरकवला, शेवटी मीच सरकले दुसऱ्या खोलीत. माणूस सज्जन होता गं. समोर उभा राहून म्हणाला, 'चूक माझी आहे.' पण सज्जनपणानं भिंत सुकते का?"

"म्हणून तर आलेय," ठमी म्हणाली.

तिला घरात आम्ही ठमीच म्हणतो. बावीस वर्षांची आहे आणि जुन्या घरांची डागडुजी करणाऱ्या एका ऑफिसात नुकतीच लागली आहे. हे काम तिनेच मागून घेतलं. बसमध्ये मला म्हणाली होती, "काका, ही एक भिंत आपण दोघांनी नीट केली ना, की बाबांच्या नावावरचा डाग गेला."

मी खिडकीबाहेर बघत "हं" म्हटलं होतं.

तिला सांगायला हवं ते मी तेव्हाच सांगू शकलो असतो. बस चांगली तासभर चालत होती. बावीस वर्षांपूर्वी दादाने त्या भिंतीचा गिलावा खालून खांद्यापर्यंत केला आणि वहिनीला कळा सुरू झाल्या म्हणून तो निघाला. मला म्हणाला, "वाळू येईपर्यंत हात लावू नकोस." वाळू आली नाही. चुना भिजवून ठेवलेला, माणसं बसून, वर आभाळ भरून आलेलं. मी घराच्या मागून सोळा घमेली समुद्राची वाळू आणली आणि वरचा भाग संध्याकाळपर्यंत संपवला. जिभेवर ठेवून पाहिली नाही. गरजच नव्हती.

दादा परतला. वाळूबद्दल काही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी भिंतीला मीठ फुटलं तेव्हा बाईंनी त्याला बोलावलं आणि तो जे म्हणाला ते म्हणाला. त्यानंतर गावात घराचं काम त्याला कुणी दिलं नाही. तो बंदराच्या धक्क्यावर दगड बसवायला गेला. तिसऱ्या वर्षी तिथल्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरून गेला.

कामं मला मिळत राहिली.

आम्ही गिलावा काढला. दगड उघडे केले, सांधे खरवडले, सगळं ब्रशने झाडलं. ठमीने सांगितलं, आठवडाभर भिंत अशीच ठेवायची. रोज सकाळी मीठ किती फुटतं ते मोजायचं. तिच्याकडे कागदाच्या पट्ट्या होत्या. ओल्या करून दगडाला लावायच्या, मीठ असेल तर रंग चढतो.

खोलीची खिडकी फळ्या ठोकून बंद होती. दाराला मी कुलूप लावायचो. किल्ली माझ्या खिशात.

पहिल्या सकाळी वरची अर्धी भिंत पुन्हा पांढरी झाली होती. फक्त डाव्या कोपऱ्याजवळ एक जागा उघडी. लांबट गोल, अंगठ्याच्या पेराएवढी. मीठ झडलेलं नव्हतं. कडा स्वच्छ होत्या. मधला दगड काळा दिसत होता, ओला.

"पाल असेल," बाई दारातूनच म्हणाल्या. त्या खोलीत पाय ठेवत नसत.

"पाल मीठ खाते?"

"मला काय विचारतोस? मी भूगोल शिकवायचे."

ठमीने तिथे पट्टी लावली. पट्टीला रंग चढला नाही.

"कमाल आहे," ती म्हणाली. "बाजूला सगळीकडे लालभडक आणि इथे मिठाचा कणही नाही." वहीत तिने लिहिलं: डावीकडून एक हात, शून्य.

दुसऱ्या सकाळी दोन जागा. पहिली तशीच होती, तिथे मीठ परत आलं नव्हतं. दुसरी तिच्या उजवीकडे, हातभर अंतरावर, त्याच उंचीवर.

मी बोट लावलं. गार दगडावर तेवढाच भाग कोमट होता.

तिसऱ्या सकाळी तीन.

रात्री मी घरी नीट झोपत होतो, हेही सांगतो. जेवत होतो. मला भास होत नाहीत. मी पस्तीस वर्षं गवंडी आहे आणि ओल कुठून येते, कशी चढते, कुठे थांबते, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. ओल ठरलेल्या अंतराने येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी जाण्याआधी उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत चुन्याची भुकटी पसरली. सकाळी भुकटी होती तशी होती. भिंतीवर चार जागा होत्या.

"काका, तुम्ही यावर काही बोलतच नाही," ठमी म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या घाला. नेहमी घालता."

पाचव्या दिवशी ती वही घेऊन उलट्या घमेल्यावर बसली. बराच वेळ आकडे बघत होती.

"एक गोष्ट कळत नाही. मीठ जमिनीतून वर चढतं ना? मग खालचा भाग खराब हवा. इथे खालचा ठणठणीत आहे आणि वरचा गेलाय. म्हणजे मीठ गिलाव्यातूनच आलं, वरच्या गिलाव्यातून. एकाच माणसानं खाली इतकं चोख काम करायचं आणि वर असं?" तिने मान वर केली. "बाबांबरोबर कोण होतं या कामावर?"

"मी होतो."

"हो?"

"चुना कालवायला. बाहेर."

शब्द किती सहज आले. ठमीने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी परत ब्रश घेतला. खोलीत ब्रशचा आवाज होता आणि त्याच्या खाली आणखी एक बारीक आवाज. कुणी टाळूला जीभ लावून सोडावी तसा. एकदाच.

मी ब्रश थांबवला. समुद्र ऐकू येत होता, दुसरं काही नाही.

सहाव्या सकाळी सहा. ठमी भिंतीपाशी गेली. ती उंच आहे, दादावर गेली आहे. सहाव्या जागेसमोर ती उभी राहिली आणि तिने नाक जवळजवळ दगडाला लावलं.

"काका, गंमत बघा. हे बरोबर माझ्या तोंडाशी येतं."

"मागे हो."

"अहो, पण..."

"ठमे, मागे हो म्हटलं ना!"

ती मागे झाली. माझा आवाज ऐकून बाई स्वयंपाकघरातून दाराशी आल्या. दोघांकडे बघून म्हणाल्या, "चहा टाकते," आणि गेल्या.

मी दोन विटा एकावर एक ठेवल्या. त्यांच्यावर चढलो. माझं तोंड त्या जागेसमोर आलं.

बोट फिरवलं. जिभेला लावलं.

अळणी.

सातव्या सकाळी सातवी जागा उजव्या कोपऱ्यात होती, दाराच्या चौकटीला लागून. त्यापुढे भिंत नव्हती. चौकटीतला तो खिळा होता ज्याला मी कामावर आल्यावर सदरा अडकवायचो.

मग आम्ही कागदाचा लगदा लावला, मीठ ओढून घेतलं, काढला, पुन्हा लावला. तीन वेळा. नवी वाळू नदीची होती, तीन पाण्यांत धुतलेली. मी प्रत्येक घमेलं चाखलं. ठमी हसली. "काका, आता जेवू नका, पोट भरलं असेल."

नवा गिलावा सुकला. पट्ट्यांना कुठेही रंग चढला नाही. एक सकाळ गेली, पाच गेल्या, दहा गेल्या. भिंत स्वच्छ. बाई पहिल्यांदा खोलीत आल्या, भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता पलंगाला कळवते."

शेवटच्या दुपारी मी उंबऱ्यावर बसलो होतो, चौकटीला पाठ लावून. अंगावर चुना, घाम वाळून चेहऱ्यावर चरचरत होता. ठमीने ऑफिसचा कागद वाचून दाखवला.

"नुकसानीचं कारण: मूळ गिलाव्यात समुद्राची वाळू. काम करणारा..." ती थांबली. मग एका दमात वाचलं, "काम करणारा, माझे वडील. लिहायलाच लागतं, काका. आपल्या माणसाचं म्हणून गाळता येत नाही."

"नाही."

"तुम्ही साक्षीला सही करता?"

मी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. एकच वाक्य होतं, चार शब्दांचं. बावीस वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेलं.

ठमीने पेन पुढे केलं.

मी सही केली.

त्याच वेळी चौकटीपाशी, माझ्या डोक्यावर, तो आवाज झाला. टाळूवरून सुटलेली जीभ.

ठमी कागद घडी करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"काका, कपाळाला काय झालं?"

"काय?"

"सगळं पांढरं आहे. आणि मध्ये..."

मी हात लावला. चुना आणि घाम मिळून कातडीवर पापुद्रा धरला होता. भुवयांच्या वर, मधोमध, अंगठ्याच्या पेराएवढी जागा उघडी होती. ओली. कोमट.

मी बोट जिभेवर ठेवलं.

दादा हॉस्पिटलमधून परत आला तेव्हा गिलावा ओला होता. त्याने डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून हातभर अंतराने सात ठिकाणी भिंत चाखली. मी चौकटीपाशी उभा होतो. सातव्यांदा थुंकून तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मुलगी झाली."